चाऱ्या आखायला शिकूया: स्वस्त एफपीजीए बोर्डवर पहिल्या दिव्यापासून चार पाणीमीटरपर्यंत

शिरपूरला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या माझ्या भाच्याचा एका रात्री साडेदहाला फोन आला. "मामा, दिवा विझस नही!"

त्याने नवीन एफपीजीए बोर्ड घेतला होता. एफपीजीए म्हणजे अशी चिप, जिच्या आतलं सर्किट आपण कोड लिहून हवं तसं घडवतो. दिवा लावायचा, थोडं थांबायचं, विझवायचा, एवढा साधा कोड त्याने लिहिला होता. थांबण्यासाठी मध्ये हजार वेळा फिरणारा रिकामा लूप टाकला होता. कोडमध्ये चूक दाखवत नव्हतं, बोर्डवर फाइलही नीट चढत होती, पण सहाही दिवे लागले ते लागलेच. मी त्याला म्हटलं, "तू सालदाराला कामं सांगतोयस रे. इथे सालदार नाहीच. इथे चाऱ्या आखायच्या असतात."

हे त्याला पटेपर्यंत पाऊण तास गेला, आणि त्या पाऊण तासात जे बोललो तेच या लेखाचं बीज आहे. मी भुसावळला पंपांची स्टार्टर-पॅनेल बनवतो आणि दुरुस्त करतो. एफपीजीए मी कुठल्या वर्गात शिकलो नाही, टेबलावर बोर्ड ठेवून शिकलो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या मुलांना हा विषय पुण्या-बंगळूरूचा वाटतो, आणि ते मला मनापासून खटकतं. लागतो एक छोटा बोर्ड, एक चांगली केबल आणि घरातला जुना लॅपटॉप.

फड समजला की एफपीजीए समजला

माझं आजोळ साक्री तालुक्यात, पांझरेकाठी. तिकडे शेकडो वर्षांपासून फड पद्धतीने पाणी दिलं जातं. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग, आणि सारंगातून पाणी शेतात शिरतं. उरलेलं सांडमातून परत नदीला मिळतं. पाटकरी पाण्यावर लक्ष ठेवतो, पण पाणी उचलून कोणी नेत नाही. एकदा वाटा आखल्या आणि तोंडं उघडली की सगळ्या चाऱ्यांतून एकाच वेळी पाणी धावतं.

आता साधा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे लिहून दिलेल्या सूचना पाळणारी छोटी संगणक-चिप, बघा. तो सालदारासारखा आहे. त्याला यादी द्यायची: आधी गोठा झाड, मग मोटर चालू कर, मग बांधावर जा. तो एकामागून एक कामं करतो, खूप वेगाने करतो, पण एका वेळी एकच. एफपीजीएमध्ये यादी नसते. आत हजारो छोटे तर्क-ठोकळे आणि त्यांना जोडणाऱ्या वाटांचं जाळं असतं. आपण कोड लिहितो तेव्हा कोणती तोंडं उघडायची आणि कोणती वाट कुठे जोडायची ते ठरवतो. कोड "चालत" नाही. कोडमधून सर्किट तयार होतं आणि ते सर्किट वीज असेपर्यंत अखंड वाहत राहतं.

भाच्याचा दिवा का विझत नव्हता तेही यातूनच कळतं. त्याने आधी दिव्याला १ दिला, मग रिकामा लूप, मग ० दिला. सर्किट बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला "थोडं थांब" समजतच नाही. त्याने शेवटची किंमत पाहिली, म्हणजे ०, आणि दिव्याची तार कायमची ० ला बांधून टाकली. त्या बोर्डवरचे दिवे ० दिल्यावर लागतात. म्हणून सगळे कायमचे लागले. बोर्डने सांगितलं तेच अगदी बरोबर केलं होतं.

आतले ठोकळे कसे असतात ते थोडक्यात. मुख्य ठोकळ्याला लुकअप टेबल म्हणतात. चार इनपुट असलेलं टेबल म्हणजे १६ ओळींचा तक्ता: इनपुटची कोणतीही जुळणी आली तरी उत्तर ० की १ ते आधीच लिहून ठेवलेलं. त्याच्या शेजारी फ्लिप-फ्लॉप असतो, जो एक बिट (एक ० किंवा १) धरून ठेवतो आणि क्लॉकचा, म्हणजे ठरावीक वेगाने ०-१ होत राहणाऱ्या तारेचा, ठोका पडला तरच बदलतो. बाजारात आलेली पहिली एफपीजीए, झायलिंक्सची एक्ससी२०६४, १९८५ साली आली. तिच्यात असे ६४ ठोकळे होते. आज तळहातावर मावणाऱ्या बोर्डात साडेआठ हजारांहून जास्त मिळतात.

कोणता बोर्ड घ्यावा

सिपीड कंपनीचा टँग नॅनो ९के घ्या, असं मी स्पष्टच सांगतो. किंमत मागे-पुढे होते, पण दोन-अडीच हजार रुपयांच्या आत-बाहेर तो मिळतो. त्यावर गोविन कंपनीची जीडब्ल्यू१एनआर-९ ही चिप आहे: ८६४० लुकअप टेबलं, ६४८० फ्लिप-फ्लॉप, २७ मेगाहर्ट्झचा क्लॉक देणारा क्रिस्टल, सहा दिवे, दोन बटणं, एचडीएमआयचं तोंड आणि टाइप-सी यूएसबी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रोग्रॅमर, म्हणजे चिपवर फाइल चढवणारा भाग, बोर्डवरच आहे, वेगळा घ्यावा लागत नाही.

ऑनलाइन याहून स्वस्त जुने बोर्ड दिसतील, सायक्लोन-२ चे किंवा स्पार्टन-६ चे. ते टाळा. सायक्लोन-२ साठी क्वार्टसची १३.० ही जुनी आवृत्ती शोधत बसावं लागतं आणि स्पार्टन-६ साठी आयएसई १४.७, जी २०१३ नंतर पुढे वाढलीच नाही. आजच्या विंडोजवर ती बसवण्यात शिकणाऱ्याचा उत्साह संपून जातो. पाचशे रुपये वाचवायला महिना घालवू नका.

केबलबद्दल दोन शब्द, कारण इथे माझी एक पूर्ण संध्याकाळ गेली आहे. मोबाइलसोबत येणाऱ्या काही केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. बोर्डवरचा दिवा लागतो, म्हणून वाटतं केबल ठीक आहे, पण संगणकाला बोर्ड दिसतच नाही. जी केबल लावून मोबाइलमधले फोटो लॅपटॉपवर उतरवता येतात तीच वापरा.

आपल्याकडची कोरडी हवाही लक्षात ठेवा. मार्च-एप्रिलपासून जळगाव-भुसावळची हवा इतकी सुकी होते की प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठताना दाराच्या कडीला हात लावला तर चटका बसतो. तोच चटका चिपच्या पिनला बसला तर चिप जाते. बोर्ड हातात घेण्याआधी अर्थिंग असलेल्या एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावायचा आणि बोर्ड नेहमी कडेला धरायचा, पिनांना बोट लावायचं नाही.

सॉफ्टवेअर बसवताना

गोविनच्या साइटवर खातं उघडून त्यांच्या सॉफ्टवेअरची एज्युकेशन आवृत्ती उतरवा. तिला लायसन्सची फाइल लागत नाही आणि ही चिप तिच्यात चालते. फाइल मोठी आहे. मोबाइलचा रोजचा डेटा मोजून वापरणाऱ्यांनी कॉलेजच्या वायफायवर किंवा मित्राच्या ब्रॉडबँडवर उतरवावी. सिम्युलेशनसाठी, म्हणजे सर्किट बोर्डशिवाय लॅपटॉपवरच चालवून बघण्यासाठी, इकारस व्हेरिलॉग आणि जीटीकेवेव्ह ही दोन मोफत साधनं बसवा. ती हलकी आहेत.

ज्यांना कमांड लाइनची सवय आहे त्यांच्यासाठी पूर्णपणे मुक्त मार्गही आहे. योसिस कोडचं सर्किट करतं, नेक्स्टपीएनआर ते चिपमध्ये मांडतं, अपिक्युला प्रकल्पाचं साधन त्याची फाइल बनवतं आणि ओपनएफपीजीएलोडर ती बोर्डवर चढवतं. ही सगळी ओएसएस कॅड सूट नावाच्या एकाच गठ्ठ्यात मिळतात. मी स्वतः आता तेच वापरतो. पण पहिल्या आठवड्यात माउसने टिचकी मारत जाणं सोपं पडतं, म्हणून खाली गोविनचीच वाट सांगतो. विंडोजवर एक खबरदारी: ओपनएफपीजीएलोडरसाठी झॅडिगने ड्रायव्हर बदलला की गोविनच्या प्रोग्रॅमरला बोर्ड दिसेनासा होतो. एका वेळी एकच मार्ग धरा.

कामाचं फोल्डर थेट ड्राइव्हच्या मुळाशी करा. नाव इंग्रजी अक्षरांत आणि मधे जागा न सोडता द्या. डेस्कटॉपवर मराठी नावाच्या फोल्डरात प्रोजेक्ट ठेवला तर सॉफ्टवेअर कुठेतरी अडखळतं आणि संदेश असा दाखवतं की मूळ कारण कळतच नाही.

नवीन प्रोजेक्ट करताना सॉफ्टवेअर चिप विचारतं. मालिका जीडब्ल्यू१एनआर, चिप जीडब्ल्यू१एनआर-९, आणि त्याच्या पुढे आवृत्ती "सी". हे "सी" विसरू नका. ते निवडलं नाही तर सगळं सुरळीत होतं आणि शेवटी बोर्डवर चढवताना ओळख जुळत नाही म्हणून नकार येतो. पूर्ण पार्ट नंबर जीडब्ल्यू१एनआर-एलव्ही९क्यूएन८८पीसी६/आय५ असा आहे. चिपवर बारीक अक्षरांत तोच छापलेला असतो, मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठा करून वाचा आणि जुळवा.

पहिलं सर्किट

इथे आपण व्हेरिलॉग वापरणार. सर्किट लिहून सांगायची ही भाषा १९८० च्या दशकात फिल मूरबी आणि प्रभू गोएल यांनी गेटवे डिझाइन ऑटोमेशन या कंपनीत घडवली. टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं आहे. मी भाच्याला फोनवर सांगितलं तसं ओळीओळीने सांगतो, तुम्ही ऐकत ऐकत टाइप करतोय असं समजा. तारांची नावं मी मराठीच ठेवतो: मोजणी, दिवे, थांबा. स्वतःच्या भाषेतलं नाव असलं की कोणती तार कोणती ते डोक्यात राहतं.

आधी गणित. क्लॉक सेकंदाला २ कोटी ७० लाख ठोके देतो. अर्ध्या सेकंदात १ कोटी ३५ लाख. आपल्याला एवढं मोजणारा मोजणी-रजिस्टर, म्हणजे आकडा धरून ठेवणारी फ्लिप-फ्लॉपची रांग, हवा. २३ बिटांत ८३ लाख ८८ हजार ६०८ इतक्याच पायऱ्या मावतात, कमी पडतात. २४ बिटांत १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ मावतात, पुरतात. म्हणून २४ बिट. असं कागदावर मोजून मगच लिहायची सवय लावा. सालदाराला "थोडं थांब" म्हणता येतं. चारी खणताना मात्र रुंदी आधी मोजावी लागते.

पहिली ओळ मॉड्यूलची, म्हणजे सर्किटच्या एका तुकड्याची: नाव दिवा, त्यात पॅरामीटर थांबा बरोबर १३५०००००. मग इनपुट क्लॉक, आणि आउटपुट सहा बिटांचा, ५ पासून ० पर्यंत, नाव एलईडी. पुढे दोन रजिस्टर: मोजणी, २३ पासून ० पर्यंत, सुरुवात ०. आणि दिवे, ५ पासून ० पर्यंत, सुरुवात ०.

आता गाभा. ऑलवेज, ॲट, कंसात पॉझएज क्लॉक, मग बिगिन. याचा अर्थ: क्लॉक ० वरून १ कडे चढेल त्या प्रत्येक क्षणी. आत एक इफ: मोजणी जर थांबा वजा १ इतकी झाली असेल, तर मोजणीला ० आणि दिवेला दिवे अधिक १. नाहीतर मोजणीला मोजणी अधिक १. किंमत देताना प्रत्येक वेळी लहान-बरोबर, म्हणजे डावीकडे तोंड केलेला बाण आणि बरोबरचं चिन्ह असं लिहायचं. नुसतं बरोबर नाही. मग एंड.

शेवटी ऑलवेजच्या बाहेर एक ओळ: असाइन एलईडी बरोबर टिल्डा दिवे. टिल्डा म्हणजे उलट, कारण हे दिवे ० दिल्यावर लागतात. मग एंडमॉड्यूल. बस.

त्या लहान-बरोबरवर थोडं थांबतो, कारण पुढच्या बहुतेक चुका तिथूनच येतात. फडात पाटकऱ्याने हाक दिली की सगळ्या चाऱ्यांची तोंडं एकदम बदलतात. पहिली चारी बदलली, ते पाहून दुसरी बदलली, असं होत नाही. लहान-बरोबर तेच करतं. क्लॉकच्या ठोक्याआधीच्या किमती पाहून सगळ्या रजिस्टरांच्या नव्या किमती ठरतात आणि ठोक्यावर सगळ्या एकदम लागू होतात. अ ला ब आणि ब ला अ असं लहान-बरोबर वापरून लिहिलं तर दोघांची खरोखर अदलाबदल होते, तिसऱ्या भांड्याची गरज नाही. नुसतं बरोबर वापरलं तर दोघांत ब ची जुनी किंमत येते आणि अ ची हरवते. नियम एवढाच: क्लॉकच्या ऑलवेजमध्ये लहान-बरोबर, क्लॉकशिवायच्या तर्कात नुसतं बरोबर, आणि दोन्ही एका ब्लॉकमध्ये कधीच नाही. क्लॉकशिवायच्या तर्कात इफ लिहिलं तर एल्सही लिहायचं. नाहीतर सॉफ्टवेअर जुनी किंमत धरून ठेवायला नको असलेला लॅच घालून ठेवतं आणि तुम्ही दोन दिवस बोर्डला दोष देत बसता.

बोर्डआधी सिम्युलेशन

माझं ठाम मत आहे की पहिल्या महिन्यात बोर्डपेक्षा सिम्युलेशनवर जास्त वेळ द्यावा. बोर्डवर फक्त दिवा दिसतो, आत काय झालं ते दिसत नाही. सिम्युलेशनमध्ये प्रत्येक तार प्रत्येक ठोक्याला दिसते. शिवाय दुपारी वीज गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर, बोर्ड न लावता, हे काम चालू राहतं.

वेगळी टेस्टबेंच फाइल करा, म्हणजे आपल्या सर्किटला खोटा क्लॉक देऊन तपासणारी फाइल. टाइमस्केल १ नॅनोसेकंद, बारकावा १ पिकोसेकंद. क्लॉक नावाचं रजिस्टर ० पासून सुरू, आणि ऑलवेज, हॅश १८.५, क्लॉकला टिल्डा क्लॉक. म्हणजे दर ३७ नॅनोसेकंदाला एक पूर्ण ठोका, २७ मेगाहर्ट्झच्या अगदी जवळ. मग आपलं दिवा मॉड्यूल बसवायचं, पण थांबा या पॅरामीटरला १० देऊन. खऱ्या १ कोटी ३५ लाख ठोक्यांची वाट सिम्युलेशनमध्ये बघत बसायचं नाही. पॅरामीटर आपण याचसाठी ठेवला. शेवटी इनिशियलमध्ये डॉलर-डंपफाइल, डॉलर-डंपव्हार्स आणि २०००० नॅनोसेकंदांनंतर डॉलर-फिनिश.

इकारसने दोन्ही फाइली जोडून चालवा आणि जीटीकेवेव्हमध्ये उघडा. मोजणी ० ते ९ चढताना दिसेल, ९ नंतर परत ०, आणि नेमक्या त्याच ठोक्यावर दिवे एकने वाढतील. तो ठोका मोठा करून बघाच. मोजणी ९ असताना दिवे अजून जुनेच असतात, पुढच्या ठोक्यावर दोघं एकदम बदलतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की लहान-बरोबरचा अर्थ परत विसरत नाही.

पिना जोडणं

चिपला माहीत नसतं की एलईडी म्हणजे बोर्डवरची कोणती टोकं. ते .सीएसटी या वेगळ्या फाइलीत लिहायचं. क्लॉक पिन ५२ वर. एलईडीचे सहा बिट क्रमाने १०, ११, १३, १४, १५, १६ वर. १२ मध्ये नाही, ते नीट बघा. प्रत्येकासाठी आयओ-लोक ही ओळ पिन नंबर देते आणि आयओ-पोर्ट ही ओळ विजेचा प्रकार देते.

विजेच्या प्रकारात एक खाच आहे. चिपच्या पिना बँकांमध्ये वाटलेल्या असतात आणि प्रत्येक बँकेला आपला व्होल्टेज असतो. या बोर्डवर दिवे आणि दोन्ही बटणं (पिन ३ आणि ४) १.८ व्होल्टच्या बँकेत आहेत, म्हणून त्यांना एलव्हीसीएमओएस१८. क्लॉकला एलव्हीसीएमओएस३३. इथे एकाच बँकेतल्या दोन पिनांना वेगवेगळे व्होल्टेज दिले तर सॉफ्टवेअर अडतं, आणि ते योग्यच आहे.

आता प्रोसेसच्या टॅबमध्ये आधी सिंथेसाइझ (कोडचं सर्किट करणं), मग प्लेस अँड राउट (ते चिपमध्ये मांडून जोडणं). एखादी पिन कॉन्फिगरेशनच्या कामासाठी राखीव आहे अशी तक्रार आली तर प्रोजेक्टच्या कॉन्फिगरेशनमध्ये ड्युअल-पर्पज पिनच्या पानावर जाऊन संदेशात नाव आलं असेल तेवढ्याच खुणेवर टिक करा. जेटॅगच्या, म्हणजे चिपवर फाइल चढवायच्या वाटेच्या, खुणेला मात्र कधीच हात लावू नका. ती वाट सामान्य पिन म्हणून दिली की बोर्डवर पुन्हा फाइल चढवायचं दारच बंद होऊन बसू शकतं.

वेळेची एक फाइलही करा, .एसडीसी, त्यात क्लॉकचा काळ ३७.०३७ नॅनोसेकंद असा एका ओळीत सांगा. इतक्या लहान सर्किटला त्याची अडचण येत नाही, पण पुढे सर्किट मोठं झालं की वेळ पुरतो की नाही हे रिपोर्ट याच ओळीच्या आधाराने सांगतो.

फाइल चढवणं

इम्प्ल फोल्डरात .एफएस फाइल तयार झालेली असेल. प्रोग्रॅमर उघडा, स्कॅन करा, चिप दिसली की दोन मार्ग असतात. एसरॅम मोड: क्षणात चढते, पण वीज गेली की पुसली जाते. एम्बेडेड फ्लॅश मोड: थोडा वेळ लागतो, पण वीज येऊन-जाऊनही टिकते. शिकताना नेहमी एसरॅम. फ्लॅश दिवसातून पन्नास वेळा पुसायची नाही. सर्किट पक्कं झालं, शेतात किंवा पॅनेलमध्ये लावायचं ठरलं, तेव्हाच फ्लॅश. आपल्याकडे वीज दिवसातून किती वेळा जाते ते सांगायला नको.

चढली की सहा दिवे दर अर्ध्या सेकंदाला एकेक पायरी पुढे मोजतील: आधी पहिला दिवा, मग दुसरा, मग दोन्ही... बायनरीत ० ते ६३ आणि परत ०. सेकंदाचा काटा हातात धरून तपासा. सगळी फेरी ३२ सेकंदांची व्हायला हवी. भाच्याने ती फेरी दोनदा मोजून मला परत फोन केला होता.

बटण

दुसरा धडा बटणाचा. बटण दाबलं की पिनवर ० येतो. पण बटणातली पत्री दाबताना काही मिलिसेकंद थरथरते, आणि २७ मेगाहर्ट्झच्या सर्किटला ती थरथर शेकडो दाबांसारखी वाटते. शिवाय बटण आपल्या क्लॉकला विचारून दाबलं जात नाही, म्हणून त्याची तार थेट तर्कात नेली तर कधीतरी एखादा फ्लिप-फ्लॉप ० आणि १ च्या मध्ये अडकतो.

उपाय दोन, या क्रमाने. आधी तार एकामागे एक दोन फ्लिप-फ्लॉपमधून काढा. बाहेरून येणारी प्रत्येक तार अशीच आत घ्यायची, याला अपवाद ठेवू नका. मग थरथरीसाठी मोजणी: नवी किंमत सलग २० मिलिसेकंद टिकली तरच ती खरी मानायची. २० मिलिसेकंद म्हणजे ५ लाख ४० हजार ठोके, त्याला २० बिटांचा रजिस्टर पुरतो. किंमत मध्ये बदलली की मोजणी परत ० वर.

चार मीटर, एकाच वेळी

आता ज्यासाठी फडाची गोष्ट सांगितली ते काम. रावेर-यावलकडे केळीला ठिबक नाही असं शेत शोधावं लागतं. वेगवेगळ्या ओळींत पाणी सारखं जातंय का, कुठे लॅटरल (ठिबकची नळी) चोंदली का, हे मोजायला वायएफ-एस२०१ नावाचा लहान, स्वस्त पाणीमीटर मिळतो. आत चाक फिरतं, हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारा सेन्सर) प्रत्येक फेऱ्याला ठोके देतो. त्याचं सूत्र: ठोक्यांची वारंवारता म्हणजे मिनिटाला लिटर गुणिले ७.५. त्यावरून एका लिटरला ४५० ठोके.

हे काम साधा मायक्रोकंट्रोलरही करेल. मीटरचे ठोके एफपीजीएच्या मानाने फार संथ असतात. पण शिकण्यासाठी हे उत्तम आहे, कारण चार मीटर मोजायला तुम्हाला चार सालदारांची पाळी लावावी लागत नाही. एक मीटर मोजणारं मॉड्यूल लिहा आणि ते चार वेळा बसवा. चिपमध्ये खरोखर चार वेगळी सर्किटं तयार होतात आणि चारही एकमेकांची वाट न बघता मोजतात. एक मॉड्यूल बसवून रिपोर्टमधला फ्लिप-फ्लॉपचा आकडा लिहून ठेवा, मग चार बसवून परत बघा. मोजणीचा भाग जवळपास चौपट झालेला दिसेल. चाऱ्या खणल्याचा तो कागदोपत्री पुरावा.

मॉड्यूल असं: मीटरची तार दोन फ्लिप-फ्लॉपमधून आत, तिसऱ्यात मागच्या ठोक्याची किंमत. मागची ० आणि आताची १ असेल तर मोजणीत १ मिळवा. मोजणी २४ बिटांची ठेवा, त्यात ३७ हजार लिटरहून जास्त मावतं. १६ बिट ठेवली तर १४५ लिटरवरच ती ० वर येते.

वायरिंगमध्ये घाई करू नका. मीटर ५ व्होल्टवर चालतो आणि त्याचे ठोकेही ५ व्होल्टचे असतात. चिपच्या पिनला ५ व्होल्ट थेट लावायचे नाहीत. मी एकदा एका पॅनेलच्या कामात घाईने लावले आणि ती पिन कायमची गेली. प्रत्येक तारेत १० किलोओहमचा रेझिस्टर ओळीत, आणि चिपच्या बाजूने २० किलोओहमचा ग्राउंडला. ५ चे ३.३ व्होल्ट होतात. ग्राउंड सगळ्यांची एकच हवी. तारा पिन २५ ते २८ वर घ्या, त्या ३.३ व्होल्टच्या बँकेत आहेत. पंपाच्या २३० किंवा ४१५ व्होल्टच्या पॅनेलजवळ हा बोर्ड सुरुवातीला नेऊच नका. ते काम ऑप्टोकपलर (प्रकाशातून संकेत नेऊन दोन बाजूंची वीज वेगळी ठेवणारा भाग) लावून आणि योग्य अंतर ठेवून करायचं, आणि जाणत्या माणसासमोर.

आकडे लॅपटॉपवर आणायला वेगळी वस्तू लागत नाही, यूएसबीतूनच सिरियल पोर्ट मिळतो. चिपकडून पाठवायची पिन १७. वेग ११५२०० ठेवला तर एका बिटाला २७००००००ला ११५२०० ने भागून येणारे जवळपास २३४ ठोके. एका अक्षराला दहा बिट: आधी ०, मग आठ बिट लहानाकडून मोठ्याकडे, मग १. दहा बिटांचा सरकता रजिस्टर घ्या आणि दर २३४ ठोक्यांनी एक बिट बाहेर ढकला. आधी फक्त एकच अक्षर सारखं पाठवून टर्मिनलवर ते नीट दिसतंय याची खात्री करा, मग आकडे.

लिटर चिपमध्ये काढायचा मोह टाळा. ४५० ने भागाकार करणारं सर्किट जागा खातं आणि वेळही. दर सेकंदाला चारही मोजण्या जशाच्या तशा हेक्साडेसिमलमध्ये (० ते एफ अशा सोळा चिन्हांच्या पद्धतीत) पाठवा आणि भागाकार लॅपटॉपवर करा.

शेवटी मीटर जुळवा. प्रत्येक मीटर थोडा वेगळा असतो. दहा लिटरची बादली घ्या, मोजणी ० करा, मीटरमधून पाणी सोडून बादली खुणेपर्यंत भरा आणि आकडा बघा. ४५०० च्या आसपास यायला हवा. तीनदा करा, तीन आकड्यांची सरासरी काढा, तिला दहाने भागा, आणि आलेला आकडा त्या मीटरवर मार्करने लिहून ठेवा. लॅपटॉपवर ४५० च्या जागी मग तोच वापरायचा.